चालत्या कर्नलला हात लावताना

जुन्या राउटरचं झाकण काढलं की बोर्डाच्या कडेला चार पिना दिसतात. त्यांतल्या तिघींना सीरिअल अ‍ॅडॉप्टरच्या वायरी लावायच्या. चौथी व्होल्टेजची, ती मोकळीच ठेवायची. वेग ११५२००, काही चिपवर ५७६००, लेव्हल ३.३ व्होल्ट. वीज दिली की पडद्यावर अक्षरं धावायला लागतात आणि पहिल्या काही ओळींतच कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि वरचे प्रोग्राम यांच्यामधला लिनक्सचा गाभा, आपली ओळख सांगतो: लिनक्स व्हर्जन २.६.३६. त्याच ओळीच्या शेवटी बिल्डची, म्हणजे सोर्समधून तो बांधल्याची, तारीख असते, आणि ती सर्रास २०१६-१७ ची निघते. २.६.३६ आला ऑक्टोबर २०१० मध्ये. म्हणजे ही राउटरची डबी कारखान्यातून बाहेर पडली त्याच दिवशी तिच्या पोटातला कर्नल सहा-सात वर्षांचा होता. ती जुनी झाली नाही, जुनीच जन्माला आली. पुढे रॅम मोजली जाते, फ्लॅशचे भाग दिसतात, वायफाय उठतं, सगळं सुरळीत. पण त्या एका ओळीतल्या दोन तारखा मनात खुपत राहतात. मधली वर्षं कुठे गेली, आणि ती भरून काढायची जबाबदारी आता कुणाची?

असा जुना कर्नल बदलावा का, यावर दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, चालत्या गाडीला खीळ घालू नका. दुसरा म्हणतो, एवढा जुना कर्नल नेटवर्कवर ठेवणं हाच गुन्हा आहे. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, आणि दोघंही आकड्याकडे बघून बोलतात. २.६.३६ हा आकडा भीतीदायक दिसतो, ६.१२ दिलासा देतो. प्रत्यक्ष कामात हात घातला की कळतं, या दोन आकड्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. काही ठिकाणी ते दोन दिवसांचं काम असतं, काही ठिकाणी वर्षभराचं, आणि काही ठिकाणी रस्ताच नसतो.

रस्ता नसतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच फाइल असते. चिप बनवणारा आपली चिप बाजारात आणताना त्या वेळचा एखादा कर्नल उचलतो, त्यात आपले ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, बसवतो आणि डबी बनवणाऱ्यांना तयार संच, एसडीके, म्हणून वाटतो. वायफायचा किंवा हार्डवेअर नॅटचा (घरातली पॅकेट बाहेरच्या नेटवर्कवर पोचवणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर मात्र सोर्सशिवाय, नुसता बायनरी मॉड्यूल, म्हणजे बदलता न येणारा तयार तुकडा, म्हणून येतो. डबी बनवणाऱ्याच्या पदरी जे पडलं ते पवित्र झालं. लिनक्सचा वरच्या प्रोग्रामांशी असलेला करार फार कडक आहे. २०१० साली बांधलेला बिझीबॉक्स, म्हणजे अशा डब्यांतल्या रोजच्या कमांडचा गठ्ठा, आजच्या कर्नलवर बहुधा मुकाट चालतो, कारण यूजरस्पेस, म्हणजे कर्नलवर चालणारे प्रोग्राम, मोडायचा नाही यावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स अडून बसलेले असतात. आतल्या बाजूला मात्र असा कुठलाच करार नाही. कर्नलच्या आतले फंक्शन, स्ट्रक्चर, त्यांची मांडणी कधीही बदलू शकते, आणि ती तशीच का राहू देणार नाही हे कर्नलच्या स्थिर शाखा सांभाळणाऱ्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवलं आहे. जे ड्रायव्हर मूळ झाडात, म्हणजे कर्नलच्या अधिकृत सोर्समध्ये, आहेत, ते बदल करणारा माणूसच दुरुस्त करतो. झाडाबाहेरच्यांचं त्यांनी बघावं. बायनरी मॉड्यूलला तर बघणारं कुणीच नाही. नव्या कर्नलवर ते घालायला गेलं की "इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट" म्हणून बाहेर फेकलं जातं. व्हरमॅजिकची, म्हणजे मॉड्यूल आणि कर्नलची आवृत्ती जुळते का याची, तपासणी बंद करून जबरदस्तीने घालता येतं, आणि तो मोह अनेकांना होतो. मग नेटवर्क पॅकेटच्या स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड चार बाइट पुढे सरकलेलं असतं, मॉड्यूल भलत्याच ठिकाणी लिहितं आणि डबी तासाभराने, कसलाही संबंध नसलेल्या जागी पॅनिक होते, म्हणजे कोसळते. असला दोष शोधण्यापेक्षा तो नसलेला बरा.

आता भीतीकडे बघू. जुना कर्नल म्हणजे भोकं, हे समीकरण सरधोपट आहे. डर्टी काऊ हा दोष २००७ च्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होता आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये बुजला, म्हणजे आपला २.६.३६ त्यात पुरता सापडतो. पण २०२२ चा डर्टी पाइप ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये वापरता येत होता. जुन्यांना त्याची झळच लागली नाही. जे नियमाने अपग्रेड करत होते तेच त्या आठवड्यात धावपळ करत होते. आणि डर्टी काऊसुद्धा त्या राउटरवर काय करणार होता? तो साध्या यूजरला रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर, बनवतो. स्वस्त डबीत वेब सर्व्हर रूट, डीएनएस रूट, झाडून सगळं रूट. चढायला शिडी मिळाली तरी वरचा मजलाच नाही. २०१६ साली मिराई या मालवेअरने डब्यांची फौज उभी केली ती कर्नल फोडून नव्हे. दुरून लॉगिन करायचं टेलनेट उघडं होतं आणि कारखान्यातले पासवर्ड कुणी बदलले नव्हते, एवढंच त्याला पुरलं.

म्हणून दोषांची यादी वाचताना पहिला प्रश्न हा, की तो बाहेरून, वायरीतून किंवा हवेतून पोचू शकतो का. जून २०१९ चा सॅक पॅनिक पोचू शकत होता: २.६.२९ पासूनच्या कर्नलला विशिष्ट टीसीपी सेगमेंट पाठवून दुरून पाडता येत होतं. त्यावर कर्नल न बदलता उपाय होता, 'टीसीपी सॅक' ही सेटिंग शून्य करायची. वेग थोडा जातो, डबी पडत नाही. २०२१ चे फ्रॅगअटॅक्स हे वायफायचे दोष हवेतून पोचत होते, आणि तिथे दुखणं खरं कळतं. मूळ झाडातल्या वायफाय थरात दुरुस्त्या आल्या, पण ज्याचा ड्रायव्हर बायनरी आहे त्याला त्या लावायच्या तरी कुठे? फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीम स्वतःच सीव्हीई, म्हणजे सुरक्षादोषांचे नोंदणी क्रमांक, देते आणि सुरक्षेशी दूरान्वयाने संबंध असलेल्या दुरुस्तीलाही क्रमांक मिळतो, त्यामुळे आकडे एकदम फुगले. स्कॅनर चालवून हजार लाल ओळींचा अहवाल काढणं आता कुणालाही जमतं. त्यातल्या बहुतेक ओळी आपल्या बिल्डमध्ये कंपाइलच न झालेल्या फाइल्सबद्दल असतात. कर्नलचे कुठले भाग बांधायचे ते ठरवणारी आपली 'कॉन्फिग' फाइल आणि बिल्डमध्ये तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइल्स समोर ठेवून यादी गाळली, की हाताच्या बोटांवर मोजण्यासारखं उरतं, आणि ते मात्र नीट वाचावं लागतं.

गाळून उरलेलं नेमकं त्याच एका बायनरीत असतं, हा अनुभव या धंद्यात सगळ्यांचा.

कर्नल बदलायचाच नाही असं ठरवलं, म्हणजे काम वाचलं असं वाटतं. तसं होत नाही. जुना कर्नल तसाच ठेवायचा तरी त्यात एखादी ओळ दुरुस्त करून तो पुन्हा बांधता आला पाहिजे. नव्या मशिनवर २.६ चं झाड उघडून 'मेक' ही बांधणीची कमांड दिली की पहिला दणका बसतो: 'कंपायलर-जीसीसी५' नावाची हेडर फाइल सापडत नाही. त्या काळच्या कर्नलला जीसीसी या कंपायलरची पाचवी आवृत्ती अस्तित्वात येईल हे माहीतच नव्हतं. ती अडचण कशीबशी सोडवली की 'टाइमकॉन्स्ट' नावाची पर्ल स्क्रिप्ट अडते, कारण 'डिफाइन्ड' शब्द अ‍ॅरेवर वापरायला नव्या पर्लने बंदी घातली. थोड्या नंतरच्या कर्नलमध्ये ती पायरी पार पडते, पण डिव्हाइस ट्रीचा, म्हणजे बोर्डाचं वर्णन करणाऱ्या फाइलचा, कंपायलर 'वायवायएललॉक'ची व्याख्या दोनदा झाली म्हणून रुसतो. जीसीसी १० ने कॉमन व्हेरिएबलची जुनी सवलत काढून घेतली त्याचा हा परिणाम. यातली एकही चूक कर्नलची नाही. त्याच्याभोवतीचं जग पुढे गेलं. म्हणून जुन्या कर्नलसोबत त्याचा टूलचेन, म्हणजे बांधायची हत्यारं, त्या काळचं लिनक्स डिस्ट्रो एखाद्या कंटेनरमध्ये, आणि नेमकी 'कॉन्फिग' जपून ठेवावी लागते. चालत्या डबीत सोय असेल तर 'प्रॉक' या कर्नलच्या माहितीच्या फोल्डरमधून कॉन्फिगची जीझिप फाइल काढून घेता येते. आणि नुसतं जपून चालत नाही. अधूनमधून त्यातून बिल्ड काढून खऱ्या बोर्डावर चढवून बघावं लागतं. कर्नलचं वय मोजायचंच असेल तर मी ते शेवटच्या यशस्वी बिल्डपासून मोजेन. ४.४ दर महिन्याला बांधून बोर्डावर उठवणारी टीम मला ६.६ वर बसून दोन वर्षं काही न बांधणाऱ्या टीमपेक्षा सुरक्षित वाटते.

दोन टोकांच्या मध्ये एक वाट असते, आणि तिच्याकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. एसडीकेचा कर्नल ४.९.३७ असेल, तर त्याच शाखेतला शेवटचा ४.९.३३७ आहे. आतल्या मांडणीत तुलनेने कमी उलथापालथ, हजारो दुरुस्त्या फुकट. चिपवाल्याने गिटमधला बदलांचा इतिहास दिलेला नसतो, नुसता टारबॉल, म्हणजे फाइल्सचा गठ्ठा, हातात येतो. मग मूळ ४.९.३७ आणि हा टारबॉल यांचा डिफ, म्हणजे फरक, काढायचा. पहिल्यांदा तो लाखो ओळींचा दिसतो आणि छातीत धस्स होतं. पण त्यातले नवे फोल्डर बाजूला केले, की जुन्या फाइल्सना लावलेला हात बहुधा थोडक्या ओळींचा निघतो: नेटवर्क ब्रिजमध्ये एक हूक, पॅकेटच्या स्ट्रक्चरमध्ये दोन फील्ड, एनएएनडी प्रकारच्या फ्लॅशच्या कोडमध्ये एखादी जुगाड. हे तुकडे वेगळे कमिट करून ठेवायचे. मग तीनशे पायऱ्या एका उडीत न चढता वीस-पंचवीसच्या टप्प्याने मर्ज करायचं आणि प्रत्येक टप्प्यावर बोर्ड उठवायचा, म्हणजे मोडलं तर कुठे मोडलं ते बायसेक्ट करून, म्हणजे निम्मं-निम्मं गाळत, शोधता येतं. बायनरी मॉड्यूल असेल तर त्याला दिसणाऱ्या स्ट्रक्चर बदलल्या का हे प्रत्येक टप्प्यावर बघायलाच हवं. शाखेच्या आतही क्वचित एखादं फील्ड वाढतं. ही वाट संपते मात्र. ४.९ जानेवारी २०२३ मध्ये थांबला, ४.१४ एका वर्षाने, ४.१९ डिसेंबर २०२४ मध्ये. २०२३ मध्येच कर्नलवाल्यांनी सहा वर्षांचा दीर्घ आधार दोन वर्षांवर आणायचं बोलून दाखवलं. ज्यांची यंत्रं वीस वर्षं चालायची आहेत त्यांच्यासाठी सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प काही शाखा स्वतः सांभाळतो: ४.४ जानेवारी २०२७ पर्यंत, ४.१९ जानेवारी २०२९ पर्यंत, ५.१० जानेवारी २०३१ पर्यंत, ६.१ ऑगस्ट २०३३ पर्यंत. पण तिथेही लक्ष सदस्यांच्या कॉन्फिगवर असतं. आपला आडवाटेचा ड्रायव्हर त्यात बसेलच असं नाही.

आणि मग येतो खरा डोंगर, एआरएम प्रकारच्या चिपवरच्या जुन्या कर्नलवरून थेट आजच्या कर्नलवर जाणं. जुन्या झाडात बोर्डाची सगळी माहिती सी भाषेतल्या बोर्ड फाइलमध्ये असायची. २०११ नंतर ती डिव्हाइस ट्रीत जायला लागली, आणि उरल्यासुरल्या जुन्या बोर्ड फाइल्स पुढे झाडातून काढून टाकल्या गेल्या. त्यामुळे आपल्या बोर्डाची डीटीएस, म्हणजे डिव्हाइस ट्रीची सोर्स फाइल, आपल्यालाच लिहावी लागते. त्यासाठीचा कच्चा माल चालत्या जुन्या डबीतच असतो, फक्त ती बंद करण्याआधी काढून घ्यायचा: पूर्ण बूट लॉग, 'प्रॉक'मधल्या 'आयओमेम', 'इंटरप्ट्स' आणि 'एमटीडी' (फ्लॅशचे भाग) या फाइल्स, डीबगएफएसमधली जीपीआयओ पिनांची यादी. इंटरप्टचे, म्हणजे हार्डवेअर सीपीयूला मारतं त्या हाकांचे, आकडे उचलताना एक खोच आहे. जीआयसी हा एआरएमचा इंटरप्ट कंट्रोलर असलेल्या चिपवर जुना कर्नल इंटरप्ट ६४ दाखवत असेल, तर डिव्हाइस ट्रीत एसपीआय, म्हणजे सामाईक इंटरप्ट, म्हणून ३२ लिहायचा, कारण पहिले ३२ क्रमांक प्रत्येक कोरच्या खासगी वापरासाठी असतात. ही वजाबाकी विसरली तर ड्रायव्हर छान चढतो, रजिस्टर वाचतो, आणि मग पहिल्या इंटरप्टची वाट बघत बसतो.

त्याहीआधी फ्लॅशची पूर्ण प्रत. एनएएनडी असेल तर ओओबीसकट, म्हणजे प्रत्येक पानाजवळच्या राखीव जागेसकट. त्यातही वायफाय कॅलिब्रेशनचा छोटा भाग, कुठे 'एआरटी' तर कुठे 'फॅक्टरी' नावाचा, स्वतंत्र काढून दोन ठिकाणी ठेवायचा. त्यात मॅक अ‍ॅड्रेस असतो आणि त्या एकाच बोर्डावर मोजलेली रेडिओची आकडेवारी असते. शेजारच्या डबीतून तो भाग उचलला तर वायफाय लागतं, पण ताकद आणि नेमकेपणा भलताच येतो, आणि दोन डब्या एकाच मॅकने भांडायला लागतात.

पहिलं बूट नेहमी रॅममधून करायचं. यू-बूट या बूटलोडरमध्ये, म्हणजे कर्नल उठवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, बूट थांबवून टीएफटीपीने नेटवर्कवरून इमेज आणायची, सोबत इनिटरॅमएफएस ही रॅममधली छोटी फाइल सिस्टिम, आणि फ्लॅशला हातही लावायचा नाही. पडद्यावर "स्टार्टिंग कर्नल" येतं आणि पुढे काहीच नाही. ही शांतता सगळ्यांच्या ओळखीची आहे आणि इथे लोक धीर सोडतात. बऱ्याचदा कर्नल मेलेला नसतो, नुसता मुका असतो. टीआयच्या एएम३३५एक्सवर जुना कन्सोल 'टीटीवायओ०' होता, नव्या ड्रायव्हरने तो 'टीटीवायएस०' झाला; बूटआर्ग्समध्ये, म्हणजे कर्नलला दिलेल्या सूचनांत, जुनं नाव राहिलं की सगळे संदेश हवेत. 'अर्लीकॉन' हा लवकर बोलता करणारा पर्याय लावून बघितलं की तो बोलता होतो. दुसरं नेहमीचं कारण जागेचं. एआरएमचा झेडइमेज, म्हणजे दाबून लहान केलेला कर्नल, रॅमच्या सुरुवातीपासून ३२ केबीवर उलगडतो. जुना कर्नल उलगडून सहा एमबीचा होत होता म्हणून कुणीतरी डीटीबी, म्हणजे डिव्हाइस ट्रीची तयार फाइल, आठ एमबीवर ठेवलेली असते. नवा बारा एमबीचा होतो आणि उलगडता उलगडता स्वतःचा नकाशा खोडून टाकतो. कर्नलचं डॉक्युमेंटेशन झेडइमेज ३२ एमबीच्या वर आणि डीटीबी १२८ एमबीच्या सीमेच्या जरा वर ठेवायला सांगतं. बोर्डावर रॅमच ६४ एमबी असेल तर आकडेमोड आपली आपण. एमआयपीएस प्रकारच्या चिपच्या डब्यांवर याचंच भावंड भेटतं, "एलझेडएमए एरर १", आणि बोर्ड रीसेट करा म्हणून सूचना. जुन्या बूटलोडरचा उलगडा करणारा कोड किंवा त्याने धरलेला आकार नव्या इमेजला पुरत नाही. बूटलोडर बदलण्याचा विचार इथे डोक्यात येतो. येऊ देऊ नये, निदान एसपीआय (हा वेगळा, जोडणीचा प्रकार) फ्लॅश बाहेरून लिहायचा क्लिप-प्रोग्रामर हाताशी असल्याशिवाय.

कन्सोल बोलू लागला म्हणजे अर्धं काम झालं असं वाटतं, पण घातक चुका यानंतरच्या असतात. एसडीकेच्या कर्नलने एनएएनडीवर ईसीसी, म्हणजे चुका दुरुस्त करणारा कोड, एका पद्धतीने लिहिलेला असतो: कुठे १ बिटचा हॅमिंग, कुठे ८ बिटचा बीसीएच, ओओबीतली मांडणी स्वतःची. नवा ड्रायव्हर वेगळी मांडणी धरतो, आणि धडधाकट फ्लॅशवरचं प्रत्येक पान त्याला नासलेलं दिसतं. तोवर ठीक, वाचनच चाललंय. पण डिव्हाइस ट्रीत फ्लॅशवर बॅड ब्लॉकची नोंद ठेवायला सांगितलं असेल, तर तो शेवटच्या चार ब्लॉकमध्ये जागा शोधून आपला तक्ता लिहून मोकळा होतो, मग तिथे आपलं काही असो वा नसो. म्हणून पहिल्या फेरीत सगळे एमटीडी भाग 'रीड-ओन्ली' ठेवायचे, पानं वाचून जुन्या प्रतीशी ताडून बघायची, आणि जुळली तरच ती ओळ काढायची.

वरच्या थरातली मोडतोड त्या मानाने बारीक, पण चिवट. रिले चालवणारी एक स्क्रिप्ट असते, वर्षानुवर्षं कुणी उघडलेली नसते. ती सिसएफएस या कर्नलच्या फोल्डरमधल्या 'एक्स्पोर्ट' फाइलमध्ये १७ लिहिते आणि पिन हलवते. नव्या कर्नलमध्ये जीपीआयओचे क्रमांक ५१२ पासून पुढे वाटले जातात, त्यामुळे तीच पिन आता ५२९ झालेली असते. रास्पबेरी पायवाल्यांना हा धक्का ६.६ वर जाताना बसला. स्क्रिप्टला "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" मिळतं, ती ते कुठेही लिहून ठेवत नाही, रिले लागत नाही, आणि तीन दिवस हार्डवेअरवर संशय घेतला जातो. ५२९ लिहून वेळ मारून नेता येते. खरा उपाय पिनांना डिव्हाइस ट्रीत नाव देऊन लिबजीपीआयओडी या लायब्ररीने मागणं हा. तसंच ईथ० आणि ईथ१ या नेटवर्क पोर्टांची अदलाबदल, एसडी कार्ड आणि ईएमएमसी यांचे क्रमांक उलटे होणं. रूट फाइल सिस्टिमचा पत्ता 'पार्टयूयूआयडी' या पार्टिशनच्या कायमच्या ओळखीने दिला की निदान दुसऱ्यातून सुटका होते. आणि काही वेळा सगळं चालतं, फक्त हळू. एसडीकेतला बायनरी नॅट पॅकेट सीपीयूला न दाखवता हार्डवेअरमधून पलीकडे ढकलत होता. स्वच्छ नव्या कर्नलवर तेच काम सीपीयूवर आलं की नवा कर्नल घेणाऱ्याच्या वाट्याला निम्मा वेग येतो. काही चिपसाठी मूळ झाडात फ्लो ऑफलोड आलं आहे, काहींसाठी कधीच येणार नाही. हे अपग्रेडच्या आधी आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने मोजून ठेवलं नसेल तर नंतरची चर्चा नुसती आठवणींवर चालते. मेमरीचंही तसंच, ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या डब्यांना ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या खुल्या लिनक्सने १९.०७ आवृत्तीनंतर दार बंद केलं, कारण नवा कर्नल त्यांच्यात मावून वर काम करायला जागा उरत नव्हती.

तरीही काही डब्यांचा कर्नल बदलावाच लागतो, आणि आश्चर्य म्हणजे सुरक्षेचा त्यात हात नसतो. ३२ बिटच्या यंत्रांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला यूटीसी वेळेनुसार ३:१४:०७ नंतर उलटं फिरून १९०१ मध्ये जातं. यावर ३२ बिट कर्नलमध्ये पूर्ण तोडगा आला तो ५.६ मध्ये, मार्च २०२० ला, आणि त्याला साजेशी सी लायब्ररीही लागते: मसल १.२ पासून, जीलिबसी २.३४ पासून आणि तीही ६४ बिट वेळ मागून बांधलेली. आज बसवलेला मीटर किंवा पंपाचा कंट्रोलर पंधरा वर्षं चालावा अशी अपेक्षा असेल, तर ४.१९ वर तो विकणं म्हणजे तारीख माहीत असलेला बिघाड विकणं आहे. दुसरं कारण खरेदी खात्यातून येतं. बोर्डावरची फ्लॅश चिप बंद होते, पर्यायी चिप पिनांना अगदी जुळते, पण तिचा आयडी जुन्या कर्नलच्या तक्त्यात नाही, किंवा तिला ८ बिटचा ईसीसी लागतो आणि जुना ड्रायव्हर चारच्या वर जात नाही. एरवी पाच वर्षं टाळलेलं अपग्रेड मग पुढच्या लॉटच्या तारखेला बांधलं जातं. तिसरं कारण आनंदाचं: रिअल टाइमचा, म्हणजे ठरल्या वेळेत काम करून देण्याचा, पॅच, जो इतकी वर्षं प्रत्येक व्हर्जनला वेगळा चिकटवावा लागायचा, तो ६.१२ मध्ये मूळ झाडात आला, निदान एक्स८६, ६४ बिट एआरएम आणि रिस्क-व्हीसाठी. मोटर फिरवणाऱ्यांना यात फायदा आहे. वेब पान दाखवणाऱ्या डबीला काही नाही.

याउलट, कुठल्याही नेटवर्कला न जोडलेलं, एकच काम करणारं, तपासणी करून प्रमाणित झालेलं यंत्र असेल, तर मी त्याला हात लावणार नाही. त्याचा यूएसबी पोर्ट आणि सर्व्हिसची वायर कोण वापरतं एवढं बघेन. काहींना तर पर्यायच उरलेला नाही. २०१८ मध्ये ४.१७ ने ब्लॅकफिन, क्रिस धरून आठ आर्किटेक्चर एका फटक्यात काढून टाकली. त्या चिपांच्या डब्यांपुढे फायरवॉल उभी करायची आणि बदलीची तारीख ठरवायची.

ज्यांचा बदलायचा ठरला, त्यांनी परतीची सोय कर्नलच्या आधी बांधावी. जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरसाठी दोन स्लॉट, यू-बूटचा बूटकाउंट, म्हणजे बूटच्या प्रयत्नांची मोजणी, मर्यादा संपली की जुन्या स्लॉटवर परत. आरएयूसी, एसडब्ल्यूअपडेट किंवा मेंडर या अपडेटच्या साधनांतलं काहीही चालेल. पण दोन गोष्टी तेवढ्याने येत नाहीत. वॉचडॉग, म्हणजे अडकलेल्या डबीला रीसेट करणारा टायमर, बूटलोडरने कर्नलवर उडी मारण्याआधीच सुरू करायला हवा, कारण नवा कर्नल आपला वॉचडॉग ड्रायव्हर चढायच्या आधीच अडकू शकतो, आणि मग बूटकाउंट वाढवायला कुणी रीसेटच करत नाही. दुसरं, बूट यशस्वी झालं हे कधी म्हणायचं? लॉगिन प्रॉम्प्ट आला म्हणून काउंटर शून्यावर आणणारी डबी नेटवर्क ड्रायव्हर मेलेला असताना समाधानाने बसून राहते, आणि तिच्यापर्यंत पोचायला माणूस पाठवावा लागतो. सर्व्हरशी एकदा बोलणं झालं, मुख्य सेवा काही मिनिटं टिकली, मगच काउंटर पुसायचा. आणि पहिल्या बूटला नव्या सॉफ्टवेअरने सेटिंगची फाइल नव्या साच्यात लिहून टाकली तर जुन्या स्लॉटवर परतून उपयोग नाही, त्याला ती वाचताच येणार नाही. साचा बदल आणि कर्नल बदल एकाच अपडेटमध्ये ढकलू नयेत.

टेबलावर चाललं म्हणजे चाललं असं नाही, हे वेगळं सांगायला नको. शेकडो वेळा वीज तोडून-जोडून, नुसत्या रीबूटने नव्हे, गरम पेटीत, लांब वायरीवर, स्लीपमध्ये किती मिलिअँपिअर ओढते ते मोजून, कारण नव्या कर्नलला एखादं क्लॉक बंद करायचं सुचत नाही आणि बॅटरीवरची डबी वर्षाऐवजी महिन्यात संपते. मग थोड्या डब्या बाहेर पाठवायच्या आणि आठवडाभर दुसरं काही करायचं नाही.

यातलं निम्मं टाळता येतं, पण ते चिप निवडताना. विक्रेत्याचं सादरीकरण बघण्याआधी मूळ कर्नलचं ताजं झाड उतरवून घ्यावं, त्यात त्या चिपची डीटीएस आहे का ते शोधावं, तिच्या गिट लॉगमध्ये गेल्या वर्षभरात कुणाची नावं आहेत आणि ती त्याच कंपनीच्या पत्त्यांवरची आहेत का ते बघावं. मग इव्हॅल्युएशन बोर्डावर एसडीके बाजूला ठेवून निव्वळ मूळ कर्नल चढवायचा. इथरनेट, फ्लॅश, वॉचडॉग आणि वायफाय यांतलं काय उठत नाही ते लिहून काढायचं, आणि तो कागद ऑर्डर देण्याआधी किमतीच्या शेजारी ठेवायचा.